सातशे डॉलरचं धनुष्य

अमेरिकेत शिकारीचं धनुष्य विकत घ्यायला गेलं की दुकानातला माणूस सगळ्यात आधी वेगाचा आकडा सांगतो. हे ३१५ फूट, ते ३३०, आणि भिंतीवर सगळ्यात वर टांगलेलं ते ३४५. म्हणजे एका सेकंदात बाण किती फूट जातो. आकडा चढतो तशी किंमत चढते. चारशे डॉलरपासून सुरुवात होते आणि नुसत्या धनुष्यासाठी बाराशे-तेराशेच्याही वर जाते. बाण वेगळे, नेम धरायची साइट वेगळी, दोरी सोडायचा खटका वेगळा.

माझ्याकडे सगळ्याचे मिळून सातशे डॉलर होते. गावाकडच्या हिशेबात ही रक्कम अर्ध्या लाखाच्या वर जाते. त्याच महिन्यात बहिणीच्या मुलाची हॉस्टेलची फी पाठवायची होती, त्यामुळे सातशेच्या वर एक डॉलरही हलणार नव्हता. पैसे कमी असले की माणूस आधी विचार करतो आणि मग पाकीट काढतो. धनुष्याच्या बाबतीत याचा मला फायदाच झाला. कमी पैशात धनुष्य निवडताना जे समजलं, ते इथे सांगतो. त्यात थोडं यंत्रशास्त्र आहे, थोडं फिकह आहे आणि बराचसा घरचा हिशेब आहे.

मी मूळचा खेडचा. गेली बरीच वर्षं मिशिगन राज्यात आहे. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीचं काम करतो. मोजून पाहिल्याशिवाय मान डोलवायची नाही, ही त्या कामाची सवय. मिशिगनमध्ये पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या वीस लाखांच्या आसपास आहे. दर वर्षी हरीण आणि गाडी यांच्या टकरीच पन्नास हजारांच्या वर होतात. राज्याच्या दक्षिण भागात त्यांना खाणारा लांडगा उरलेला नाही. त्यामुळे इथे शिकार चोरून करायची गोष्ट नाही. परवाना असतो, ठरलेला मोसम असतो. कारखान्यातले निम्मे लोक १५ नोव्हेंबरला, बंदुकीचा मोसम उघडतो त्या दिवशी, रजेवर असतात. धनुष्याचा मोसम त्याआधी, १ ऑक्टोबरपासून १४ नोव्हेंबरपर्यंत असतो. बंदुकीचा मोसम सरला की डिसेंबरात पुन्हा उघडतो.

बायकोने पहिल्याच दिवशी विचारलं, "डिअरबॉर्नला एवढी हलाल दुकानं असताना तुम्हाला जंगलात कशाला जायचंय?"

प्रश्न बरोबर होता. डिअरबॉर्न आणि हॅमट्रॅमक या दोन शहरांत जेवढं हलाल मटण मिळतं, तेवढं अमेरिकेत फार थोड्या ठिकाणी मिळत असेल. पण हरणाचं मटण तिथे मिळत नाही, कारण शिकार केलेल्या जनावराचं मटण विकायला इथे बंदी आहे. ते स्वतः मिळवावं लागतं किंवा कुणीतरी द्यावं लागतं. आणि खरं उत्तर त्याहून साधं होतं. मी चाळीस वर्षं गोश्त खातोय. त्यातली बहुतेक वर्षं ते थर्माकोलच्या तबकात, वर प्लास्टिक ताणलेलं, असं माझ्यापर्यंत आलं. जनावराचा जीव जातो आणि त्याची जबाबदारी कुणाचीच नसते, असं ते तबक पाहून वाटतं. एकदा तरी ती जबाबदारी आपल्या हाताने घ्यावी, असं मनात होतं.

बायको मिरजेची आहे. हे सांगायचं कारण असं, की ती हनफी आणि मी कोकणी म्हणून शाफई. घरात आलेलं मटण दोघांच्याही ताटात बसलं पाहिजे. शिकारीवर बिस्मिल्लाह म्हणणं शाफई मतानुसार सुन्नत आहे. हनफी मतानुसार ते वाजिब आहे आणि जाणूनबुजून सोडलं तर जनावर हलाल राहत नाही. तिने सरळ सांगितलं, "नुसतं मनात नको. बाण सोडताना जिभेने म्हणा."

बंदूक की धनुष्य, हा प्रश्नही इथेच सुटला. सूरह माइदाच्या तिसऱ्या आयतीत जी जनावरं हराम सांगितली आहेत, त्यांत मार लागून मेलेलं जनावरही आहे. बंदुकीची गोळी जनावराला कापते की आदळून मारते, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. बरेच हनफी उलेमा म्हणतात, गोळीने मेलेलं खाऊ नये. जिवंत सापडलं आणि जबह केलं तरच खावं. बाणाच्या बाबतीत हा वाद नाही. हातिमताईचा मुलगा अदी बिन हातिम यांनी शिकारीबद्दल पैगंबरांना बारीकसारीक प्रश्न विचारले होते. त्या हदीसचा मथितार्थ असा, की टोकाने भेदून मारलेलं खा, आडवं लागून मेलेलं खाऊ नका. चौदाशे वर्षांपूर्वीचा हा नियम वाचताना मला कारखान्यातलं तपासणीपत्रक आठवलं. जनावर मेलं एवढं पुरेसं नाही, ते कशाने मेलं हे पाहायचं.

माझ्या नानांकडे ठासणीची बंदूक होती. शिकारीवर बंदी यायच्या आधीचा तो काळ. अम्मा सांगायची, भेकराला छर्रे लागले की नाना बंदूक तिथेच टाकून सुरी हातात घेऊन झाडीतून धावत सुटायचे. जीव असेपर्यंत पोचले तर घरात मटण, नाही तर नाही. कितीतरी वेळा ते रिकाम्या हातांनी परत यायचे आणि मेलेलं भेकर तसंच सोडून यायचे. शेजारी हसायचे. मला त्यांचं ते धावणं महत्त्वाचं वाटतं. पण माझे गुडघे नानांचे नाहीत. मला असं हत्यार हवं होतं, जे सुटताक्षणी सुरीचं काम करेल.

आता धनुष्याकडे वळू. कंपाउंड धनुष्य म्हणजे चाकांचं धनुष्य. मिझुरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन नावाच्या माणसाने ते शोधलं. १९६६ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते मिळालं. साध्या धनुष्यात दोरी जितकी ओढाल तितकी ती जड होत जाते. सगळ्यात जास्त जोर सगळ्यात शेवटी, म्हणजे नेमका नेम धरायच्या वेळी लागतो. ॲलनने दोन्ही टोकांना मध्यापासून सरकवलेली चाकं बसवली. या चाकांना आता कॅम म्हणतात. मधल्या टप्प्यात पूर्ण जोर लागतो, मग चाक उलटतं आणि भार एकदम उतरतो. या उतरण्याला लेट-ऑफ म्हणतात. लेट-ऑफ ७५ टक्के असेल तर ६० पाउंडांचं धनुष्य पूर्ण ओढल्यावर हातात फक्त १५ पाउंड राहतात. त्यामुळे हरीण झाडाआडून पुढे येईपर्यंत थांबता येतं. साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक अजिंक्यपद मिळवलं, ते याच जातीच्या धनुष्यावर. त्यांचं धनुष्य मैदानातल्या निशाण्यासाठी लांब आणि स्थिर असतं. शिकारीचं आखूड असतं, झुडपात किंवा मचाणावर फिरवता यावं म्हणून.

धनुष्य निवडताना पहिली गोष्ट पाहायची ती ड्रॉ लेंग्थ, म्हणजे आपल्या अंगाला दोरी किती लांब ओढता येते ती लांबी. चपलेच्या नंबरासारखं आहे हे. साध्या धनुष्यात माणूस आपल्या हाताप्रमाणे थांबतो. कंपाउंडमध्ये चाक सांगतं कुठे थांबायचं, आणि तिथे भिंत लागते. ती भिंत आपल्या मापाची हवी. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पसरायचे, मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत इंच मोजायचे आणि अडीचने भागायचं. माझे साडेसहासष्ट इंच भरले. भागून साडेसव्वीसच्या थोडं वर.

ज्या पहिल्या दुकानात मी गेलो, तिथल्या माणसाने मला न मोजताच २८ इंचांवर लावलेलं धनुष्य हातात दिलं. दीड इंच म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण दीड इंच जास्त असलं की डावं कोपर ताठ होतं, सुटलेली दोरी हाताच्या आतल्या बाजूला फटका मारते, आणि उजवा हात जबड्याखाली टेकायच्या जागी कानाच्या मागे जातो. हात दर वेळी एकाच जागी टेकला नाही तर बाणही एका जागी जात नाही. लांब ओढलं की वेग मात्र वाढतो, इंचामागे साधारण दहा फूट. वेग वाढला म्हणून गिऱ्हाईक खूश होतं, आणि दुकानदारालाही तेच हवं असतं. मी आभार मानून बाहेर पडलो. खिशातली टेप काढून पुढच्या दुकानात गेलो.

दुसरी गोष्ट ड्रॉ वेट, म्हणजे ओढायला लागणारा जोर. इथले पुरुष ७० पाउंड सांगतात, जसं आपल्याकडे कुणी बुलेट चालवतो असं सांगतं. त्याची एक सोपी परीक्षा आहे. खुर्चीत बसायचं, दोन्ही पाय जमिनीवरून उचलायचे आणि धनुष्य आभाळाकडे न नेता सरळ समोर धरून ओढायचं. खांदे वर न जाता, सावकाश, आवाज न करता ओढता आलं तर ते आपलं वजन. ओढायला आभाळाकडे हात न्यावे लागले तर हरीण ते पाहतं आणि निघून जातं. शिवाय ऑक्टोबरच्या थंडीत दोन तास न हलता बसल्यावर अंगात दुकानातली ताकद राहत नाही. मी ५२ पाउंडांवर थांबलो.

तिसरी गोष्ट वेगाची. दुकानातला आकडा ७० पाउंड जोर, ३० इंच लांबी आणि ३५० ग्रेनचा हलका बाण धरून काढलेला असतो. तो माणूस मी नाही. ३१५ फुटांचं धनुष्य माझ्या मापावर लावून, ४०० ग्रेनच्या म्हणजे साधारण २६ ग्रॅमच्या बाणाने मोजलं, तेव्हा वेग २३० भरला. दोन्ही आकडे खरेच, पण मला उपयोगी दुसरा. त्या वेगाला बाणाची ऊर्जा ४७ फूट-पाउंड येते. हरणासाठी ती पुरेशी आहे.

मग ३०० फुटांचं असतं तर? वीस यार्डांवर, म्हणजे साठ फुटांवर, माझा बाण एका सेकंदाच्या शंभर भागांतल्या २६ भागांत पोचतो. ३०० फुटांचा २० भागांत. दोरीचा आवाज मात्र साडेपाच भागांत हरणाच्या कानात जातो. हरीण आवाजाने दचकून पळण्याआधी खाली दबतं, आणि तेवढ्यात बाण फुप्फुसावरून पाठीत जाऊ शकतो. म्हणजे दोन्ही बाण आवाजाच्या मागेच आहेत. पाचशे-सातशे डॉलर जास्त देऊन मी सेकंदाचे सहा शतांश भाग विकत घेणार होतो. तेवढाच फायदा वीसऐवजी पंधरा यार्डांवर बसून फुकट मिळतो. चाळीस यार्डांवरून तर कुठलंही धनुष्य त्या कानांना हरवत नाही. वेगापेक्षा दोरीचा आवाज कमी असलेलं धनुष्य निवडलं, आणि वीस यार्डांच्या पुढे बाण सोडायचा नाही असं ठरवून टाकलं.

धनुष्य घेतलं ते बेअर कंपनीचं क्रूझर जी-२. ते ५ पाउंडांपासून ७० पाउंडांपर्यंत आणि १२ इंचांपासून ३० इंचांपर्यंत लावता येतं. त्यामुळे मुलगा मोठा झाला की त्यालाही बसेल. साइट, बाण टेकायचा रेस्ट आणि बाणांचा भाता जोडूनच येतात. ही कंपनी फ्रेड बेअरने १९३३ मध्ये मिशिगनमध्येच सुरू केली होती, पुढे ती फ्लोरिडाला गेली. दुसऱ्या कंपन्यांचीही याच किमतीची, अशीच सगळ्या मापांना बसणारी धनुष्यं आहेत. त्यांतलं कुठलं घ्यावं यापेक्षा ते आपल्या मापावर लावून देणारा माणूस कुठे आहे, हे पाहावं.

जुनं धनुष्य का घेतलं नाही, असं एका मित्राने विचारलं. चार-पाच वर्षांपूर्वीचं भारी धनुष्य निम्म्या किमतीत मिळतं, हे खरं. पण बऱ्याच कंपन्यांची हमी पहिल्या मालकापुरतीच असते. दोरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते आणि त्याचे मजुरीसह शंभर डॉलर तरी जातात. काही धनुष्यांत लांबी बदलायला चाकाचा तुकडाच बदलावा लागतो आणि जुन्या मॉडेलचा तो मिळेलच असं नाही. आणि कुणी बाण न लावता दोरी ओढून सोडली असेल, तर पात्यांना आतून तडा गेलेला असू शकतो. तो जाणकाराने तपासल्याशिवाय कळत नाही. ज्याच्या घरी किंवा ओळखीत असा जाणकार आहे, त्याने जुनं खुशाल घ्यावं. त्याचे पैसे वाचतील.

वाचलेला पैसा मी बाणाच्या टोकावर लावला. बाण किती लवचीक हवा हे ओढण्याच्या जोरावर आणि बाणाच्या लांबीवर ठरतं. माझ्यासाठी तक्त्यात ५०० हा क्रमांक निघाला. त्यात आकडा जितका लहान तितका बाण ताठ. टोकं दोन प्रकारची मिळतात. एक, ज्यांची पाती आत मिटलेली असतात आणि लागल्यावर उघडतात. दुसरी, ज्यांची पाती कायम उघडी असतात. उघडायलाही ऊर्जा खर्च होते आणि माझ्याकडे ती मोजकी. म्हणून मी कायम उघड्या, तीन पात्यांची टोकं घेतली. त्यांना पुन्हा धारही लावता येते. जबह करताना सुरीला धार लावा आणि जनावराला त्रास होऊ देऊ नका, ही शिकवण आपण बकरी ईदला दर वर्षी ऐकतो. बाणाचं टोक ही माझी सुरीच होती. दुकानातून आलेली टोकं मी घरी सहाणेवर पुन्हा घासली. कागद न फाटता कापला गेला तेव्हाच ती भात्यात गेली.

बिल असं झालं. धनुष्य जोडणीसकट ४०० डॉलर, खटका ५०, सहा बाण ६०, तीन टोकं ४०, सरावासाठी फोमचा ठोकळा ७०. त्यावर राज्याचा सहा टक्के विक्रीकर, ३७ डॉलरच्या वर. मूळ परवाना ११ आणि हरणाचा २०. सगळे मिळून ६८८ डॉलर. १ जानेवारी १९६० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्याआधी सुरक्षा वर्गाचं प्रमाणपत्र लागतं. ते वर्ग स्वयंसेवक घेतात आणि फी नाममात्र असते. राहिलेले डॉलर त्यात गेले.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत असरनंतर क्लबच्या मैदानावर तीस-तीस बाण मारले. हरणाची फुप्फुसं आणि हृदय मिळून साधारण जेवायच्या ताटलीएवढी जागा असते, आठ-दहा इंचांची. माझा नियम एवढाच, की दिवसाचा पहिला बाण मोजायचा. पुढचे एकोणतीस हात गरम झाल्यावरचे असतात. जंगलात मिळतो तो पहिलाच. वीस यार्डांवरून सलग दहा दिवस पहिला बाण ताटलीत गेला, तेव्हा मी परवान्याचे पैसे भरले.

कारखान्यातल्या एका सहकाऱ्याच्या मक्याच्या शेताकडेला बसायची परवानगी मिळाली. ऑक्टोबरअखेर इथे सूर्योदय आठच्या सुमारास होतो, त्यामुळे फजर तिथेच, शेताच्या बांधावर व्हायची. मग काळोखात खुर्चीवर बसून राहायचं. दोन वेळा मोठं शिंगांचं हरीण दिसलं, एकदा तीस यार्डांवर, एकदा त्याहून लांब. धनुष्य मांडीवरच राहिलं. ६८८ डॉलर खर्चून बाण न सोडता घरी येताना जड वाटतं, हे खरं आहे. पण बाण पोटात लागलेलं हरीण रात्रभर तडफडतं. ते माझ्या ताटात यावं किंवा न यावं, त्याचा जाब मलाच द्यायचा होता.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक हरिणी सोळा यार्डांवर आडवी उभी राहिली. ओढलं, थांबलो, तिने पुढचा पाय टाकला. मी बिस्मिल्लाही अल्लाहु अकबर म्हटलं, ओठांनी, माझ्याच कानाला ऐकू येईल एवढ्या आवाजात. बाण आरपार जाऊन पलीकडच्या मातीत रुतला. ती साठ-सत्तर पावलं धावली आणि पडली. सुरी घेऊन मी पोचलो तोवर ती गेली होती. बाणाच्या वाटेने दोन्ही फुप्फुसं कापली गेली होती. मी बराच वेळ तिथे बसून राहिलो. आनंद झाला असं म्हणवत नाही. काहीतरी घेतलं आहे आणि आता ते वाया जाऊ द्यायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

मटणाचे तीन वाटे केले. एक सहकाऱ्याच्या घरी, एक मस्जिदीतल्या दोन कुटुंबांना, एक आमच्या फ्रीजमध्ये. हरणाच्या मटणाला चरबी नसते, त्यामुळे तेल थोडं जास्त घालावं लागतं. बायकोने मिरजेच्या पद्धतीने खिमा केला आणि जेवायला बसण्याआधी एकच विचारलं, "जिभेने म्हटलंत ना?" मी हो म्हटलं. तिने ताट वाढलं.

हे फोटो पाहून भाच्याचा फोन आला. "मामू, असं एक माझ्यासाठी पण आणा ना, इथे डोंगरात रानडुकरं खूप झालीत." त्याला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच असायला हवी. नानांच्या काळातलं भेकर आज आपल्या डोंगरात दिसणंच दुर्मीळ झालंय. योगायोग असा, की त्याच १९७२ मध्ये अमेरिकेने धनुष्यबाणावर कर बसवायचा कायदा केला. उत्पादकाच्या विक्री किमतीवर तो अकरा टक्के असतो आणि ते पैसे राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातात. दोन देशांनी आपापल्या जंगलाकडे पाहून दोन वेगळी उत्तरं काढली. एकाचं उत्तर दुसरीकडे नेऊन लावता येत नाही. भाच्याला धनुष्य शिकायचंच असेल तर साताऱ्याला जा म्हटलं, तिथे निशाण्यावर मार. माप घेताना मात्र हात पसरून अडीचने भाग, कुणी २८ इंच हातात दिलं तर घेऊ नकोस.

यंदा दुकानात नवीन मॉडेल आलं आहे, ३५० फुटांचं. मी दोरी तपासली. चाकाजवळ तिचे धागे सुटायला लागलेत. शंभर डॉलर बाजूला ठेवलेत, नवीन दोरीसाठी.